रिकामी गाडी

"रिकामी गाडी हालवू नका, माणिकराव!" सत्यभामाबाई दुकानात ओरडल्याच. "लेकराची गाडी हाये ते. अपशकुन करता काय?"

माणिकरावांनी दांडीवरचा हात चटका बसल्यासारखा काढला. मलकापुरात बाबागाड्या ठेवणारं त्यांचं एकच दुकान, आणि गाड्या होत्या दोनच. एक वेताची, उंच, ऐटदार. दुसरी लोखंडी, बुटकी, वर छत्री असलेली. बाईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई नागपूरला साहेब. तिकडे म्हणे कुणी लेकरू काखेला मारून हिंडत नाही. तेव्हा नातवाला गाडी हवी, आणि तीही नीट पारखून. पण पारखायची कशी? नातवाचा सव्वा महिना व्हायचा होता, त्याला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. आणि रिकामी गाडी तर ढकलायची नाही. आता घ्या!

बाईंची नजर पायरीखाली गेली. तिथं सिंधू लेकीला खांद्याशी धरून उभी होती. बाईंचं अंगण झाडणं आणि गोठा तिच्याकडे असे. आज सामान उचलायला म्हणून तिला बरोबर आणलं होतं.

"सिंधे, केवढी झाली वं तुही पोट्टी?"

"दोन महिन्याची, बाई. सुजाता."

"नाव कोनं इचारलं? ठेव तिले गाडीत. पाहू कशी राह्यते."

सिंधूला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगा! धम्मदीक्षा घेतल्यापासून वस्तीत मुलींना अशी नवी नावं ठेवायला लागले होते, आणि आता नव्या नावाची आपली पोर नव्या गाडीत बसणार. तिनं पदरानं लेकीचे तळपाय पुसले. बाईंनी गादीवर बसतं का बघायला नातवाचं नवं दुपटं अंथरलं होतं. ते त्यांनी झटकन ओढून घेतलं आणि घडी करून पिशवीत घातलं.

"हं, ठेव आता."

माणिकरावांनी वेताची गाडी रस्त्यावर घेतली. दुकानापुढं गटार, गटारावर फरशी आणि दोन फरशांमध्ये ही एवढी फट. पुढचं चाक नेमकं फटीत गेलं आणि ती उंच गाडी एका अंगावर कलंडली. सिंधूनं झेप घेतली म्हणून पोर खाली पडली नाही. पण वेताच्या काठानं कपाळ खरचटलं. सुजातानं असा टाहो फोडला की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली.

"बरं झालं बाई, आधीच समजलं," सत्यभामाबाईंनी छातीवर हात ठेवला. "नाई तं माह्या नातवाच्या जिवावर बेतलं असतं!"

सिंधू लेकीच्या कपाळावर पदर दाबून उभी होती.

"चाल, आता ते दुसरी पाहू."

"बाई, वरवंटा ठेवा ना," सिंधू कशीबशी म्हणाली. "बारशाले ठेवता तसा. लेकराच्या आंधी तोच ठेवता ना पाळण्यात?"

"वरवंटा सांगते काय, गचके बसून राह्यले का नाई ते? कचरूले जिनात कोनं लावलं, इसरली काय?"

कचरू म्हणजे सिंधूचा नवरा. बाईंच्या शब्दावर कापसाच्या कारखान्यात लागला होता आणि बाईंच्या शब्दावर निघालाही असता. सिंधूनं लेकीला गाडीत ठेवलं. स्वतःच्याच हातानं ठेवलं, आणि तिला स्वतःचीच चीड आली.

लोखंडी गाडी फरशीवरून गेली, खडीवरून गेली, तरी डुगडुगली नाही. रडून दमलेली सुजाता हुंदके देता देता झोपून गेली.

"कशी हातपाय सोडून झोपली पाहा!" बाई हरखल्या. "हेच बांधा, माणिकराव. फक्त गादी तेवढी दुसरी द्या."

"गादी एकच येते, बाईसाहेब, गाडीसंगं."

"जाऊ द्या मंग. घरी गेल्यावर गोमूत्र शिंपडू."

आवाज बारीक करायची तसदीही त्यांनी घेतली नाही. सिंधूनं वाकून लेकीला उचललं.

"काऊन काढली वं? राहू दे ना घरापर्यंत. रिकामी कशी नेशीन? दाराच्या अलीकडं काढून घेजो."

रस्त्याच्या कडेला डांबरीकरणासाठी दगडांचा ढीग पडला होता. सिंधू तिकडे गेली. एक लांबट धोंडा तिनं उचलला, आणला आणि गादीवर ठेवला.

"हा न्या, बाई. याले गोमूत्र नाई लागत."

माणिकराव उगाचच आत जाऊन काहीतरी शोधू लागले. बाईंचं तोंड लाल झालं. नुसत्या धोंड्याकडे त्या बघत राहिल्या. पाळण्यात घालायचा वरवंटा कुणी उघडा ठेवत नाही. सवयीनंच त्यांचे हात पिशवीत गेले. नातवाचं दुपटं त्यांनी काढलं, धोंड्याभोवती गुंडाळलं आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी नीट खोचल्या.

खांद्यावर लेक घेऊन सिंधूनं एका हातानं गाडी लोटली. चाक फरशीच्या फटीजवळ आलं तशा सत्यभामाबाई लगबगीनं पुढं धावल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी गाडी धरली.

"हळू वं, सिंधे! गचका बसंल."