सातव्या होलची डावी वाट
रत्नागिरीजवळच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, विनीत एका हॉटेलसाठी गोल्फचं मैदान आखत होता. सातव्या होलच्या, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतच्या पट्ट्याच्या, मध्येच खोल घळ होती. खेळाडूने चेंडू सरळ घळीवरून मारायचा, असा त्याचा बेत होता. पण लेक गार्गी जागा बघायला आली, तेव्हा आजारपणाने तिच्या हातात जोर उरला नव्हता. “बाबा, घळीवरून मला नाही जमायचं,” ती म्हणाली. मग त्याने घळीला वळसा घालणारी रुंद वाट डावीकडून काढली. दोन छोट्या फटक्यांत गार्गीही पलीकडे पोचली असती. त्या वाटेच्या कडेला तिने स्वतः लाल खुंट्या ठोकल्या. माघात ती गेली. पुढे पाहणीला आलेले मालक म्हणाले, “डावीकडून फारच सोपं झालंय. तिथे अडथळ्याला वाळूचा खड्डा घ्या.” “होलला दोन वाटा हव्यात,” विनीत म्हणाला, “एक धाडसाची, एक सबुरीची.” “अहो, पण त्या वाटेने खेळणार कोण?” विनीतने आराखड्यात खड्डा काढला. जेसीबी त्या वाटेवर चढायच्या आत त्याने एकेक खुंटी हाताने उपटून घेतली. खड्डा खणला जात असतानाच देवरूखहून बायकोचा फोन आला. “अहो, गार्गीच्या वाटेवर गवत धरलं का?” जेसीबीच्या आवाजापासून लांब जात तो म्हणाला, “धरलंय. छान हिरवं झालंय.” ती म्हणाली, “मग रविवारी मला घेऊन जा. जरा बसेन म्हणते तिथे.”