आधी मंडळ उभं राहू दे

"साहेब, टाकीचं पाणी घाण आहे. आजच बंद करा," म्हणत नर्सबाईंनी तपासणीचा कागद नगराध्यक्षांच्या टेबलावर ठेवला.

"बाई, टाकी बंद करायला आरोग्य मंडळाचा ठराव लागतो. आणि मंडळच अजून नाही. आधी मंडळ उभं तर राहू दे!"

दवाखान्यात अकरा मुलं सलाइनवर होती. जुलाबांनी त्यांचे डोळे खोल गेले होते. चार नंबरच्या खाटेवर बाईंची भाची होती. पाणी उकळा, पाणी उकळा, असं दारोदार सांगून बाईंचा घसा बसला होता. पण बाईंचा घसा म्हणजे काही ठराव नव्हे.

मंडळ उभं करायला नऊ दिवस लागले. जागा सात, इच्छुक तेवीस. सदस्याला आरोग्याचा अनुभव हवा, असा नियम होता. नगराध्यक्षांच्या मेहुण्याला लहानपणापासून दमा. तो अनुभवी ठरला. टाकी बांधणारा ठेकेदार पाण्यातला जाणकार म्हणून आला. व्यायामशाळेचा मालक नुसत्या दंडांवर निवडला गेला. अध्यक्षपद नगराध्यक्षांनी नाइलाजाने स्वतःकडे घेतलं. कोणीतरी नर्सबाईंचंही नाव सुचवलं होतं, पण त्या सारख्या दवाखान्यात असतात, त्यांना वेळ कुठे, म्हणून ते गळालं. तोवर अकरा मुलांची एकोणीस झाली होती.

पहिली सभा सत्काराची होती. टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या, कारण टाकीवर मंडळाचाही विश्वास नव्हता. त्याच पाण्याचं सरबत केलं. ते गार हवं म्हणून शिपायाने बर्फाची लादी आणली. बर्फाचा कारखाना टाकीच्याच नळावर चालायचा. दाराशी ताटकळलेल्या नर्सबाई धावत पुढे आल्या.

"साहेब, तो बर्फ..."

"बाई, सभेत फक्त सदस्य बोलतात."

शिपायाने त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. आत पेले रिकामे झाले, पुन्हा भरले. लेटरहेडवर कोणाचं नाव वर छापायचं, यावर दीड तास खडाजंगी झाली. टाकीचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांना भुका लागल्या होत्या. तो पुढच्या सभेवर गेला.

तिसऱ्या दिवशी पुढची सभा भरली, म्हणजे भरलीच नाही. कोरमला चार जण लागतात, आले तिघे. कारकुनाने 'सभा तहकूब' लिहायला पेन उघडलं. नर्सबाईंनी त्याच्यापुढची ठरावाची वही उचलली आणि थेट दवाखाना गाठला.

वॉर्डात रात्रीपासून चार नव्या खाटा लागल्या होत्या. एकीवर मेहुणा, एकीवर ठेकेदार. तिसरीवर व्यायामशाळेचा मालक आईच्या नावाने कण्हत होता. चौथीवर नगराध्यक्ष होते. समोरच्या खाटेवरून, आता बरी होत आलेली भाची त्यांच्याकडे टकामका बघत होती.

बाईंनी वही उघडली आणि नगराध्यक्षांच्या सलाइन नसलेल्या हातात पेन दिलं.

"अहो बाई, मला इथे उठवत नाही," ते क्षीण आवाजात म्हणाले. "सभा कशी घेऊ?"

बाईंनी खाटांवर एकदा नजर फिरवली.

"चार आहेत, साहेब. नियम वाचलाय मी. मंडळ आडवं असलं तरी चालतं."