पाद्र्याच्या घराचं पुढचं दार

"मागच्या दाराने मी येणार नाही," रमाबाई म्हणाल्या आणि पुढच्या पायरीवर ठाण मांडून बसल्या.

प्रणिताला वाटलं, सासूबाईंना आज आणायलाच नको होतं. घराच्या कोपऱ्यापाशी मिस लोरेटा किल्ल्यांचा जुडगा घेऊन थांबल्या होत्या. चर्चच्या विश्वस्तांमध्ये त्या सगळ्यात ज्येष्ठ. काळ्या, उंच, ऐंशीला टेकल्या तरी ताठ. हे घर कुणाला विकायचं, ते आज त्या ठरवणार होत्या. एका बाजूला लग्नाचे हॉल चालवणारी कंपनी होती. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत येऊन जवळच्या कॅरी शहरात राहिलेल्या आंबेडकरी कुटुंबांचं मंडळ. त्यांची रविवारची वंदना अजून कुणाच्या तरी गॅरेजमध्येच होत होती. इथे त्यांना विहार करायचं होतं. प्रणिता आर्किटेक्ट आणि बोलण्यात पटाईत, म्हणून सगळ्यांनी तिला पुढे केलं होतं.

घरही नजर लागावी असंच होतं. अडीचशे वर्षांपूर्वी गावच्या पाद्र्यासाठी बांधलेलं, लाल विटांचं, जॉर्जियन धाटणीचं. दार बरोबर मधोमध, दोन्हीकडे दोन-दोन खिडक्या, वर पाच. डावीकडे जे, तेच उजवीकडे. दारावर अर्धगोल काच. या देखणेपणाला बाधा नको, म्हणून राबणाऱ्यांचं दार मागे, रस्त्यावरून दिसणार नाही असं. पाद्रीबाबा दर रविवारी सांगायचे, आपण सगळी देवाची लेकरं. त्यातली काही लेकरं त्यांनी स्वतः विकत घेतली होती. त्याच लेकरांनी या विटा भाजल्या होत्या. त्यांची ये-जा अर्थातच मागून.

"त्यांना बरं वाटत नाहीये का?" मिस लोरेटांनी इंग्रजीत विचारलं.

"गुडघे दुखतात त्यांचे," प्रणिता इंग्रजीतच म्हणाली. "मागपर्यंत चालवत नाही."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," रमाबाई मराठीत कडाडल्या. जन्मभर शाळेत शिकवणाऱ्या बाईला गुडघ्याचं इंग्रजी कळणार नाही असं सुनेने धरून चालावं, हे त्यांना फारच लागलं. "खरं काय ते सांग त्यांना."

"आई, प्लीज, इथे सीन करू नका ना. सगळं डील कॅन्सल होईल. त्या स्वतः पण मागूनच जातात. पुढचं लॉक जाम असेल."

"जाम असेल तर तेल घाला. लहानपणी पाटलाच्या मागच्या दाराशी उभी राहिले आहे मी, माझ्या आईबरोबर. वरून पाणी ओतायचे, ओंजळीत. जिथे बुद्ध बसणार, बाबासाहेबांची तसबीर लागणार, त्या घरात मी पहिलं पाऊल मागून टाकू?"

प्रणिताला राग आला. मग लाज वाटली. मंडळाच्या अर्जाला तिनेच काढलेला नकाशा जोडला होता. त्यात चपलांचं कपाट मागच्या दाराशी होतं. पार्किंग तिकडे, म्हणून येणं-जाणंही तिकडून. तिच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं.

गेलं घर हातचं, असं मनाशी म्हणत तिने सगळं इंग्रजीत सांगून टाकलं. पाटील, पाणी, ओंजळ, काही गाळलं नाही.

मिस लोरेटा सावकाश चालत आल्या आणि रमाबाईंच्या समोर उभ्या राहिल्या. माफी मागावी म्हणून प्रणिताने तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"माझी आजी इथे स्वयंपाक करायची," त्या म्हणाल्या. "तिची आजी या घराची मालमत्ता होती. दोघी मागून यायच्या. मी लहान होते तेव्हा मीही मागूनच यायचे. विश्वस्त झाले, तरी मागूनच येते. या दाराची किल्ली माझ्याच जुडग्यात आहे. मला कुणीही अडवलेलं नाही." त्यांनी जुडग्यातली ती किल्ली वेगळी काढली. "आणि मी ती एकदाही लावून पाहिलेली नाही."

त्यांनी ती कुलपाला लावली. किल्ली दोनदा निसटली. मग कुलूप कुरकुरलं आणि दार उघडलं. आतून लाकडाचा जुना, कोंदट वास आला.

रमाबाई उठल्या. पदर नीट केला. त्यांना आत न्यायला प्रणिताने हात पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही. त्या दारातून बाजूला सरकल्या.

"आधी त्या," रमाबाई म्हणाल्या.

याचं भाषांतर करावं लागलं नाही. मिस लोरेटा क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि एकट्याच आत गेल्या. लाकडी जमिनीवर त्यांची पावलं वाजली, थांबली. प्रणिताने सासूबाईंचा हात कधी घट्ट धरला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

अखेर मिस लोरेटा परत आल्या. अर्धगोल काचेखाली, दाराच्या मधोमध उभ्या राहिल्या. डोळे पुसले आणि घरच्या बाईने पाहुण्यांना म्हणावं तसं म्हणाल्या, "या, आत या. आणि तुमच्या नकाशातलं ते चपलांचं कपाट मागून काढा. इकडे पुढे लावा."