नवरी निघतानाची चाल

मंजुळानं फोन तोंडाशी धरून चौथ्यांदा गुणगुणून पाहिलं. चौथ्यांदाही फोनवर तेच आलं, गाणं सापडलं नाही.

उद्या लेकीची पाठवणी होती आणि डीजेवाला गाण्यांची यादी मागत होता. मंजुळाला हीच चाल हवी होती. तिचे वडील रंगनाथ बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि कुठलीही नवरी निघाली की हीच वाजवायचे. गाणं कुठलं, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

शेवटी ती त्यांच्या बँडमधल्या बाबूचाचांकडे गेली. तिनं गुणगुणलं तसे ते हसले.

"फोनला कुठनं सापडंल? नव्या सिनेमाची कॅसेट आणली, ती मुखडा संपताच टेपमध्ये गुंतली. दुसऱ्या दिवशी लग्नाची सुपारी. मग पुढचं तुझ्या बापानं मनानंच जुळवलं. मुखडा लोक विसरले, पोरी. बाया रडायच्या त्या ह्या तुकड्यावर."

मंजुळानं रेकॉर्डिंग सुरू करून फोन त्यांच्यापुढं धरला. चाचांनी दात नसलेल्या तोंडानं अख्खी चाल गुणगुणली.

संध्याकाळी डीजेवाल्यानं विचारलं, "काकू, गाण्याचं नाव काय टाकू?"

"रंगनाथ गेजगे," मंजुळा म्हणाली.