झोळीतला खोकला

रतन निजलीय, तेवढ्यात हे लिहून घेते.

डहाणूच्या आमच्या चिकूवाडीत डास फार, आणि रतन जेमतेम तीन महिन्यांची. म्हणून ह्यांनी मुंबईहून डासांची वेटोळ्याची उदबत्ती आणली. दिवेलागणीला खिडक्या लावून मी ती रतनच्या झोळीखाली पेटवली; झोळी जुनीच, सासूबाईंनी जपून ठेवलेली.

धूर वर चढला आणि झोळीतून बारीक खोकला आला. रतन तर माझ्या मांडीवर दूध पीत होती.

"मांजर शिंकलं असेल गो," सासूबाई हसल्या. "शिकलेल्या पोरी मांजरालाही भितात!"

मग रोज तसंच. धूर चढला की रिकामी झोळी खोकायची. सहाव्या दिवशी मांडीवरची रतनही तशीच खोकली. मी उदबत्ती अंगणात नेऊन विझवली, खिडक्या सताड उघडल्या, मच्छरदाणी बांधली.

दोन दिवसांत रतनचा खोकला गेला. किती हलकं वाटलं मला! काल तिन्हीसांजेला ती मांडीवरच झोपली. तिला झोळीत ठेवायला उठले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. रिकाम्या झोळीतून गाढ झोपेतला संथ श्वास ऐकू येत होता.

"राहू दे गो," त्या कुजबुजल्या. "आता कुठे डोळा लागलाय त्याचा."