लहान जोडीचा हट्ट

खळ्ळकन आवाज झाला. नवऱ्याने आपले सगळे चिंचोके डावावर लावून मधल्या ताटलीत ओतले. पोकरचा हा एक डाव जिंकेल त्याने रविवारी दुपारी झोपायचं, हरेल त्याने लेकीला सांभाळायचं, असं ठरलं होतं. लेक चार वर्षांची झाली. तितकीच वर्षं मी दुपारी झोपलेले नाही.

माझ्या हातात दोन पंज्या होत्या. मध्ये उघडलेल्या पाच पानांत तिसरी आली नव्हती.

"लहान जोडीचा हट्ट करू नये गं," तो मायेने म्हणाला. "तिसरं पान नाही आलं, तर गुपचूप सोडून द्यावी. नवशिक्यांचा पहिला नियम."

मी आज्ञाधारकपणे पानं टाकून डाव सोडला. त्याने आपली उलटली. दोन तिर्र्या!

"अरे, तुझी तरी तिसरी कुठे आली?"

"माझं वेगळं. मला अनुभव आहे."

अनुभव गुरुवारपासूनचा, मोबाइलवरच्या व्हिडिओंचा. तो चादर घेऊन आत गेला आणि लगेच घोरू लागला.

लेकीने दोघांच्या पानांवरचे ठिपके बोट ठेवून मोजले.

"आई, पाच तिनापेक्षा मोठे ना?"

"हो."

"मग बाबा का झोपले?"