शेवटची चौकट

चौकटीत झाड नव्हतं.

शेवटचं लेबल चिकटवायला आलेली क्युरेटर खिडकीपाशी थबकली. काल संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा बाहेर शिरीषाचं झाड उभं होतं. आता तिथे नुसतं पांढरं आभाळ होतं, आणि त्याखाली विद्यापीठाची गंजकी लोखंडी कपाटं, एकावर एक रचलेली, जिथल्या तिथे. खिडकीतून ओल्या भुशाचा वास येत होता.

सगळं प्रदर्शन या खिडकीसाठी मांडलेलं होतं. भिंतींवर तोडलेल्या झाडांचे काळे-पांढरे फोटो, ओंडक्यांचे शाईतले ठसे, सालींचे तुकडे, आणि दिवे मुद्दाम मंद. त्या मेलेल्या झाडांमधून चालत यायचं आणि टोकाला एकदम अंगावर हिरवा उजेड घ्यायचा, अशी योजना होती. खिडकीभोवतीची चौकट तिने सुतारकाम करणाऱ्या मामाकडून करून घेतली होती, तीही जुन्या दाराच्या लाकडाची. नवं लाकूड वापरलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. लेबलावर तिने एवढंच लिहिलं होतं : ‘शिरीष. जिवंत. विद्यापीठाच्या संग्रहातून.’

मागून इमारत विभागाचे अभियंते हसतमुखाने आले.

“बघा मॅडम, उद्घाटनाच्या आत करून दिलं. पहाटेच माणसं लावली. तुम्ही मीटिंगमध्ये म्हणालात, खिडकीसमोरचं मोकळं करा. केलं मोकळं.”

“मी कपाटांबद्दल बोलत होते!” तिचा आवाज चिरकला. “झाडाच्या आड येणारी ती कपाटं हलवा म्हटलं होतं मी!”

“कपाटं?” शाळेतल्या पोरीला समजवावं तसे ते सावकाश बोलू लागले. “मॅडम, कपाटं डेड स्टॉकच्या रजिस्टरला आहेत. एकेकावर नंबर आहे. ती हलवायची म्हणजे आधी समिती, मग ठराव, मग सगळ्यांच्या सह्या. वर्ष जातं त्यात. झाडाला कुठे नंबर होता?”

“अहो, झाडांचं प्रदर्शन आहे हे!”

“तेच म्हणतोय मी. एकाने काय अडतंय? आत इतकी आहेत की.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातून निघताना आई म्हणाली होती, आज तरी कुणावर खेकसू नकोस, मोठी माणसं यायची आहेत. ती खेकसली. दालन दणाणून जाईल इतकं खेकसली. बेअक्कल म्हणाली, खाटीक म्हणाली, आणखीही बरंच काही म्हणाली. अभियंत्यांचा चेहरा पडला. बिचाऱ्यांनी मनापासून घाई केली होती, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता.

तेवढ्यात कुलगुरू दारातून आत डोकावले. झाल्या प्रकाराची खबर त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत होती.

“पाहुण्या गाडीतून उतरल्यात. ती चौकट तेवढी काढा आणि पडदा ओढून घ्या.”

“नाही काढणार, सर.”

“अहो, रिकामी चौकट काय दाखवायची लोकांना?”

“रिकामी कुठे आहे?” ती म्हणाली आणि तिने लेबल चौकटीखाली अंगठ्याने दाबून दाबून चिकटवलं.

प्रमुख पाहुण्या फोटोंवरून मान डोलावत, घड्याळ बघत पुढे सरकल्या. मागून कुलगुरू, प्राध्यापक, कॅमेरेवाले. खिडकीपाशी मात्र त्या थांबल्या. लेबल वाचलं, बाहेर पाहिलं, पुन्हा लेबल वाचलं.

“वा!” त्या म्हणाल्या. “झाड सांगायचं आणि कपाटं दाखवायची! बाकी सगळं पाहिल्यासारखं वाटतं हो, पण हे काळजाला भिडलं. कलाकार कोण?”

कुलगुरूंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कौतुकाने क्युरेटरकडे पाहिलं. तिने गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या अभियंत्यांचा दंड पकडला आणि त्यांना ओढत पुढे आणलं.

“हे. कल्पनाही यांची आणि कामही यांचंच.”

टाळ्या पडल्या. अभियंते गोंधळले, पण हात जोडायचे एवढं त्यांना कळलं. कॅमेरे लखलखले. पाहुण्यांनी त्यांचं अभिनंदन केलं आणि सहज विचारावं तसं क्युरेटरला विचारलं, “खरंच होतं का हो इथे झाड?”

“काल होतं. बुंधा आहे अजून.”

पाहुण्या चौकटीत वाकल्या. टाचा उंच करून, मान वळवून त्यांनी इकडून तिकडून पाहिलं. मागच्या टाळ्या विरत गेल्या.

“कुठे? मला तर दिसत नाही.”

“इथून नाही दिसायचा,” दात आवळून क्युरेटर म्हणाली. “कपाटं आड येतात.”